पॉवरगुड्याचं करंज तेल: १४७ टनांचा सौदा आणि पाच अश्वशक्तीचं इंजिन

ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक बँकेने आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या गोंड वस्तीतल्या महिला बचत गटांना ६४५ डॉलर दिले. बदल्यात बँकेने जो माल घेतला तो पोत्यात भरता येण्यासारखा नव्हता. तो माल म्हणजे १४७ टन कार्बन डायऑक्साइड, जो पुढच्या दहा वर्षांत हवेत जाणार नव्हता. वॉशिंग्टनमध्ये एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली होती. तिच्यामुळे जो कार्बन हवेत गेला, त्याची भरपाई कुठेतरी करायची होती. पॉवरगुड्याच्या बायका करंजाच्या बिया गाळून तेल काढणार, दहा वर्षांत ५१ टन तेल डिझेलच्या जागी वापरलं जाणार आणि तेवढं डिझेल जळायचं वाचणार, असा तो हिशोब होता.

भारतातल्या एका आदिवासी पाड्याने थेट जागतिक बँकेला कार्बन विकला, हे सांगायला छानच वाटतं आणि बरीच वर्षं ते तसंच सांगितलं गेलं. मी हे प्रकरण निवडलं त्याचं कारण निराळं आहे. वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालवण्याबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती एक तर प्रयोगशाळेच्या भाषेत होते, नाही तर कोटी हेक्टरांच्या. इथे मात्र आकडे इतके लहान आहेत की एका कागदावर सगळा हिशोब मांडता येतो. तो मांडला की अडचण कुठे आहे ते दिसतं, आणि ती इंजिनात फारशी नाही.

वस्ती आणि झाड

आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आता तेलंगणात आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, पलीकडे चंद्रपूर. या पट्ट्यात मराठी सर्रास समजते आणि केसलापूरच्या नागोबा जत्रेला विदर्भातले गोंडही जातात. पॉवरगुड्यातली शेती कोरडवाहू. उटनूरची एकात्मिक आदिवासी विकास संस्था आणि पाटनचेरूचं इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) यांचं तिथे पाणलोटाचं काम चालू होतं. इक्रिसॅटमध्ये हे काम डॉ. सुहास वाणी पाहत. गावात आधी बचत गट उभे राहिले, मग बांधबंदिस्ती झाली, मग एक्स्पेलर, म्हणजे बिया दाबून तेल काढायचं यंत्र, आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. कार्बनचा सौदा सगळ्यात शेवटी आला आणि जे आधीच उभं होतं त्यावर तो बसवला गेला. पुढे अनेक ठिकाणी लोकांनी उलट्या टोकाने सुरुवात केली, म्हणजे आधी जाहिरात आणि मग रोपं.

करंज आपल्याला नवा नाही. ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, सामाजिक वनीकरणाच्या रांगांमध्ये तो सगळीकडे आहे. शेंगवर्गीय झाड, मुळांवर नत्र धरतं, उन्हाळ्यात हिरवंगार राहतं आणि जनावरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत. शेंगेत बहुधा एकच बी, क्वचित दोन. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा वाळून पडतात तेव्हा शेतात दुसरं काम नसतं, त्यामुळे गोळा करायला हात मिळतात. तेल कडू आणि वासाला उग्र. खाण्यात चालत नाही. पूर्वी दिव्यात जाळत, गुरांच्या खरजेला लावत, साबणवाले आणि कातडं कमावणारेही घेत. खाद्यतेल इंजिनात जाळायचं का, हा प्रश्न इथे उठतच नाही. शेंगदाणा किंवा सोयाबीन यांच्या बाबतीत तो लगेच उठतो. आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो, त्यामुळे त्याचं उत्तरही ठरलेलं आहे.

बियांत तेल साधारण २७ ते ३९ टक्के. गावातल्या छोट्या एक्स्पेलरवर उतारा वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास पडतो. बाकीचं पेंडीत राहतं. पेंड अर्थात वाया जात नाही, तिच्याकडे पुढे येतो.

इंजिनाच्या आत काय होतं

या विषयावर कुणीही बोलायला लागलं की रुडॉल्फ डिझेलचं नाव निघतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर एक इंजिन चाललं हे खरं. ते ओटो कंपनीने मांडलं होतं आणि तेल वापरण्याची कल्पना फ्रेंच सरकारची होती, हे पुढे खुद्द डिझेलनेच सांगितलं आहे. त्यावरून ‘डिझेल इंजिन मुळात वनस्पती तेलासाठीच बनलं होतं’ असं जे फिरतं, ते खरं नाही. त्या प्रदर्शनातलं इंजिन थोडा वेळ चाललं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. थोडा वेळ तर कुठलंही डिझेल इंजिन गोड्या तेलावर चालतं. पहिल्या दिवशी फरकसुद्धा कळत नाही, उलट धुराला तळणाचा वास येतो म्हणून लोक खूष होतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवलेली असते की तिच्यात इंधनाची बारीक फवार गेली की ती आपोआप पेटते. सगळं अवलंबून आहे ‘बारीक’ या शब्दावर. नोझलच्या भोकातून इंधन धुक्यासारखं सुटलं पाहिजे, कारण त्याला वाफ होऊन जळायला सेकंदाचे काही हजारांश मिळतात. चाळीस अंश सेल्सियसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो. कच्च्या करंज तेलाचा त्याच तापमानाला ४० च्या आसपास, म्हणजे दहापट आणि वर. एवढं दाट तेल नोझलमधून धुकं होऊन येत नाही, जाड थेंबांनी येतं. मोठा थेंब बाहेरून जळतो आणि आतला भाग अर्धवट राहतो. तो पिस्टनच्या माथ्यावर, लायनरवर आणि नोझलच्या तोंडाशी जाऊन बसतो.

अशा इंजिनाचं हेड काही शे तासांनी उघडलं तर फिटरला काय दिसतं ते सांगतो. नोझलच्या भोकाभोवती काळा, कडक, कर्ण्याच्या आकाराचा कार्बन उगवलेला असतो. तो नखाने निघत नाही, पितळी ब्रशने खरवडावा लागतो. त्याच्यामुळे फवार तिरकी जाते. तिरकी फवार लायनरला लागली की आणखी तेल न जळता राहतं आणि आणखी कार्बन धरतो. नोझल टेस्टिंग पंपावर लावलं तर पिचकारीनंतर टोकाशी थेंब लोंबकळतो, म्हणजे नोझल टपकायला लागलंय. पिस्टनच्या खाचांत रिंगा चिकटलेल्या असतात, बोटाने दाबून हलत नाहीत. रिंगा चिकटल्या की कॉम्प्रेशन जातं आणि न जळलेलं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. तिथे इंजिन ऑइलच्या उष्णतेत ते हळूहळू आळतं. डिपस्टिकवर ऑइल वर चढलेलं आणि दोन बोटांत धरल्यावर तार सुटण्याइतकं चिकट झालेलं दिसलं, की समजावं. त्या अवस्थेत इंजिन चालू ठेवलं तर बेअरिंग जातात.

यावर तोडगे आहेत आणि ते फार अवघड नाहीत. तेल आधी गोंद काढून, नीट गाळून घ्यायचं. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, तापलं की तेलाच्या टाकीवर न्यायचं, आणि बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर आणायचं, म्हणजे नोझल आणि पंपात तेल थंड होऊन बसत नाही. सायलेन्सरच्या उष्णतेवर तेल तापवून घ्यायचं. नव्वद अंशांच्या आसपास करंज तेलाचा दाटपणा बराच उतरतो. ऑइल बदलायची पाळी निम्म्यावर आणायची. एवढं केलं तर कमी फेऱ्यांचं, जड फ्लायव्हीलचं, लिस्टर धर्तीचं इंजिन हे तेल पचवतं. राजकोटच्या कारखान्यांतून निघालेली अशी इंजिनं देशभर विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत चालत आली आहेत. त्यांचा मंदपणा इथे उपयोगी पडतो, कारण जळायला वेळ जास्त मिळतो. नव्या कॉमन रेल गाडीत हेच तेल घालायचा विचारही करू नये. तिथल्या इंजेक्टरची भोकं आणि दाब यांचं गणितच वेगळं आहे.

आदिलाबादचा गारठा ही आणखी एक बाब. तेलंगणात सगळ्यात कडक थंडी पडते ती याच भागात. पहाटे करंज तेल इतकं घट्ट होतं की फिल्टरमधून उतरत नाही. डिझेलवर सुरू करायचा नियम म्हणून तिथे सोयीचा नाही, सक्तीचाच.

दुसरा रस्ता म्हणजे तेलाचं बायोडिझेल करायचं. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून अभिक्रिया घडवली की दाट तेल पातळ एस्टरमध्ये बदलतं, खाली ग्लिसरीन बसतं. दाटपणा डिझेलच्या जवळ येतो आणि बहुतेक तक्रारी मिटतात. पण करंजाचं बियाणं ओलसर जागी पडून राहिलं की तेल आंबट होतं, त्यात मोकळी मेदाम्लं वाढतात. असं तेल थेट कॉस्टिकबरोबर घेतलं तर बायोडिझेलच्या ऐवजी साबणाचा लगदा हाती येतो. त्यासाठी आधी आम्लाची एक पायरी लागते. शिवाय मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, आणि ते बहुतांश नैसर्गिक वायूपासून बनतं. शंभर किलो तेलामागे अकरा किलो मिथेनॉल अभिक्रियेतच खपतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त घालावं लागतं. एखाद्या पाड्यावर हे सगळं चालवायला सांगणं मला तरी पटत नाही. वस्तीसाठी कच्चं तेल आणि मंद इंजिन ही जोडीच शहाणपणाची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. उडुपी श्रीनिवास नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हेच सांगत होते. कर्नाटकात करंजाला होंगे म्हणतात. त्या तेलावर त्यांनी खेड्यांत जनित्रं चालवून दाखवली, आणि आदिलाबादेतल्या एका आदिवासी गावातही करंज तेलावर वीज तयार झाली. म्हणजे पॉवरगुड्याच्या सौद्याच्या वेळी इंजिनाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला होता.

५१ टन म्हणजे किती

आता कागद घ्या. दहा वर्षांत ५१ टन, म्हणजे वर्षाला ५.१ टन, रोजचे चौदा किलो. लिटरमध्ये पंधरा. पाच अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भारावर करंज तेल तासाला किलोभर, जरा वरच, पितं. म्हणजे वॉशिंग्टनपर्यंत पोचलेला हा सगळा व्यवहार पाच अश्वशक्तीचं एक इंजिन रोज बारा-तेरा तास चालवण्याएवढा आहे. एका विहिरीवरचा पंप. यात हिणवण्यासारखं काही नाही. उलट ज्या गावात तो एक पंप नाही तिथे तो किती मोठा आहे ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण आकार डोळ्यांपुढे असावा.

कार्बनचा आकडा तपासून पाहू. १४७ ला ५१ ने भागलं की टन तेलामागे २.८८ टन कार्बन डायऑक्साइड येतो. एक टन डिझेल जळलं की साधारण ३.१ ते ३.२ टन निघतो. करंज तेलात डिझेलपेक्षा उष्णता दहा-पंधरा टक्क्यांनी कमी, त्यामुळे एक टन तेल एका टनाहून थोडं कमी डिझेल वाचवतं. म्हणजे २.८८ हा आकडा किंचित उदार असला तरी बनावट नाही. कार्बनच्या बाजारात नंतर जे आकडे पाहायला मिळाले त्यांच्या मानाने तर हा फारच प्रामाणिक.

बियाणं किती लागेल? चौथा हिस्सा उतारा धरला तर वर्षाला वीस टनांच्या वर बी. करंजाचं उत्पन्न झाडागणिक कमालीचं बदलतं, दहा किलोपासून कितीतरी वर. झाडाला दहा किलो धरलं तर फळणारी दोन हजार झाडं हवीत. गावाने रोपं लावली होती, पण बियांपासून वाढवलेला करंज फळायला चार ते सात वर्षं घेतो. दहा वर्षांच्या करारातली पहिली निम्मी वर्षं जंगलातल्या आणि ओढ्याकाठच्या जुन्या झाडांच्या भरवशावर होती. तिथून बी गोळा करायचं तर पाय झिजतात, आणि ते झिजणं कुठल्याच हिशोबात धरलं जात नाही.

पैसे कुठे आहेत

६४५ डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २९ हजार रुपये. दहा वर्षांत वाटले तर वर्षाला २,९००. तेलाच्या लिटरमागे त्रेपन्न पैसे. डिझेल तेव्हा लिटरला वीस-बावीस रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे ज्या कार्बनमुळे गावाचं नाव झालं त्याचं वजन लिटरला अर्धा रुपया.

पेंडीकडे पाहा. वीस टन बी गाळून पाच टन तेल काढलं तर पंधरा टन पेंड उरते. करंज पेंडीत नत्र चार टक्के, म्हणजे वर्षाला सहाशे किलो. तेवढं नत्र युरियातून घ्यायचं तर तेराशे किलो युरिया, पन्नास किलोच्या सव्वीस गोण्या. तेव्हा युरियाची सरकारी किंमत टनाला ४,८३० रुपये होती, गोणीला २४१ रुपये पन्नास पैसे. सव्वीस गोण्यांचे सहा हजारांवर रुपये होतात, वर्षाला. अनुदानित युरियाच्या भावानेसुद्धा पेंड कार्बनच्या दुप्पट पैसे देत होती. तिच्यात वाळवीला दूर ठेवण्याचा गुण वेगळा, आणि ती सावकाश सुटते म्हणून जमिनीला जास्त मानवते हेही वेगळं. तरी या प्रकरणावर कुणी काही सांगतं तेव्हा पेंड एका वाक्यात उरकलेली असते. विकणाऱ्याला कार्बन मोठा वाटतो, शेतकऱ्याला पेंड.

आणि मुख्य पैसा तर वाचलेल्या डिझेलचा. वर्षाला ५.१ टन करंज तेल साधारण ५,३०० लिटर डिझेलची जागा घेतं. तेव्हाच्या भावाने एक लाख रुपये, थोडे वरच. आता हे एक लाख वीस टन बियांवर वाटा. किलोला साडेपाच रुपये. त्यातून गळिताचा खर्च, एक्स्पेलरची झीज, गाळप, इंजिनाच्या जादा ऑइलचा खर्च वजा करा. राहिलेल्या रकमेत बी वेचणारीची, वाळवणारीची आणि टरफलं फोडणारीची मजुरी बसवायची.

माझ्या मते सगळं प्रकरण या एका आकड्याशी येऊन ठेपतं. व्यापारी दारात येऊन करंज बी सहा रुपये किलोने मागायला लागला, की ते बी इंजिनात जाळणं तोट्याचं. बचत गटाच्या बायकांना हे कुणी शिकवायची गरज नाही. तेंदूपत्ता आणि मोहाच्या बाबतीत हा हिशोब त्या वर्षानुवर्षं तोंडी करत आल्या आहेत. तेल काढून विकलं तर साबणवाला घेतो, नंतर सेंद्रिय कीडनाशकं बनवणारेही घ्यायला लागले. त्यांचा भाव डिझेलच्या भावाशी बांधलेला नाही. इंजिनाला मात्र तेल डिझेलपेक्षा स्वस्तच पडायला हवं. इंजिन हे या बाजारातलं सगळ्यात कमी पैसे देणारं गिऱ्हाईक आहे.

त्यात डिझेलची किंमत खरी नव्हती. केंद्र सरकारने डिझेल नियंत्रणमुक्त केलं ते ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर कच्चं तेल कितीही चढलं तरी पंपावरचा भाव दाबून धरला जात होता, आणि तो दाबलेला भाव पाड्यावरच्या करंज तेलाचा प्रतिस्पर्धी होता. वर वीज आली की हिशोब आणखी बदलतो. शेतीला फुकट किंवा जवळपास फुकट वीज मिळणार असेल तर करंजाचं असो की डिझेलचं, इंजिन झाकून ठेवलं जातं.

मग हे तेल इंजिनात जाळणं शहाणपणाचं कधी? जिथे डिझेलच पोचत नाही, किंवा पोचेपर्यंत दुप्पट महाग होतं, तिथे. नव्वदच्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटाची नाकेबंदी झाली. तिथल्या लोकांनी नारळाच्या तेलावर गाड्या आणि जनित्रं चालवली, कारण कुठल्याही भावाने डिझेल मिळत नव्हतं. तिथे किलोला किती रुपये, हा प्रश्नच नव्हता. पॉवरगुडा दुर्गम होता, पण बंद नव्हता. रस्ता होता, त्या रस्त्याने डिझेल येत होतं आणि व्यापारीही येत होता.

दिल्लीत त्याच काळात

पॉवरगुड्याचा सौदा झाला त्याच वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनावर आपला अहवाल दिला. त्याआधी, ३१ डिसेंबर २००२ ला, दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेल घालून चालवून झाली होती. समितीने मोगली एरंडावर (जट्रोफावर) भिस्त ठेवली. एक कोटी हेक्टरहून जास्त जमिनीवर लागवड आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण. आपल्याकडे मोगली एरंड कुंपणाला लावतात, कारण त्याला गुरं खात नाहीत आणि त्याची निगा राखावी लागत नाही. बांधावर निगा लागत नाही म्हणून माळरानावर पाणी-खताशिवाय पीक येईल, असं गृहीत धरलं गेलं. झाड जगलं, बी धरलं नाही.

२००५ च्या ऑक्टोबरमध्ये खरेदी धोरण आलं. १ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्या लिटरला २५ रुपयांनी बायोडिझेल घेणार होत्या. त्या भावात बियाणं, गळीत, मिथेनॉल आणि नफा बसवून दाखवणारं फारसं कुणी पुढे आलं नाही. पॉवरगुड्याच्या कागदावरचाच हिशोब, फक्त शून्यं वाढलेली. २००९ च्या धोरणाने २० टक्के २०१७ वर ढकलले, २०१८ च्या धोरणाने उद्दिष्टच पाच टक्क्यांवर आणून २०३० ची मुदत घातली. मधल्या सगळ्या वर्षांत प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही खाली राहिलं.

२०१८-१९ नंतर लक्ष वळलं ते वापरलेल्या तळणाच्या तेलाकडे, आणि ते मला जास्त समजूतदार वाटतं. ध्रुवीय संयुगं (तेल तापवून तापवून खराब होताना त्यात वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल पुन्हा तळणाला वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आला. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा तेलापासूनच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपयांचा भाव जाहीर केला. हे तेल वेचायला रानात जावं लागत नाही, हॉटेलच्या मागच्या दाराशी ते डब्यात भरलेलं असतं. अर्थात तिथेही आणखी एक गिऱ्हाईक आहे: रस्त्यावरचा छोटा तळणवाला, जो हेच काळं तेल स्वस्तात विकत घेतो.

करारात काय चुकलं

पॉवरगुड्याच्या सौद्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण त्याची मांडणी पाहिली तर पैसे एका बाजूला, एकदाच, आणि वचन दुसऱ्या बाजूला, दहा वर्षांचं. सातव्या वर्षी तेल इंजिनात गेलं की साबणाच्या कारखान्यात, हे बँकेला कळायचं कसं? आणि कारखान्यात गेलं असेल तर गावाने काय चूक केली? चांगला भाव मिळाला म्हणून त्यांनी माल विकला, एवढंच. कार्बनच्या भाषेत मात्र तो वचनभंग ठरतो, कारण डिझेल जळलेलंच असतं. लिटरला त्रेपन्न पैशांसाठी कुणी गावाचे हात दहा वर्षं बांधून ठेवू पाहत असेल, तर गाव ते हात सोडवून घेणारच.

मी हा करार लिहिला असता तर पैसे दरवर्षी, एक्स्पेलरच्या वहीवर दिले असते. किती बी आलं, किती तेल निघालं, किती इंजिनाच्या टाकीत गेलं, या तीन नोंदी बचत गटाची कोणतीही बाई रोज करू शकते. ज्या वर्षी तेल बाहेर विकलं त्या वर्षी कार्बनचे पैसे नाहीत. दंडही नाही. भाव डिझेलच्या पंपावरच्या किमतीशी जोडला असता, म्हणजे डिझेल स्वस्त झालं की कार्बनचा भाव वाढेल आणि गावाला तेल इंजिनात घालायला काही कारण राहील. नोझल, रिंगा आणि जादा ऑइलसाठी वेगळी रक्कम धरली असती. अशा योजना इंजिनाच्या पहिल्या मोठ्या कामाशी येऊन अडतात. तालुक्याच्या फिटरने करंज तेलावरचं इंजिन आधी पाहिलेलं नसतं, आणि ‘डिझेल घाला, हे बंद करा’ हा त्याचा सल्ला त्याच्या दृष्टीने बरोबरच असतो.

आज डिझेल नव्वदीच्या घरात आहे. वरचाच हिशोब आजच्या भावाने केला तर बियाला किलोमागे तेवीस-चोवीस रुपयांपर्यंत परवडतं. आकडा बरा दिसतो. फक्त त्याच वाढीत मजुरीही वर गेली आहे आणि करंज तेलाची इतर गिऱ्हाइकंही तिथेच आहेत. शिवाय ज्या पंपासाठी हे सगळं करायचं, त्याच्या जागी आता सौरपंप बसू शकतो, ज्याला रोज चौदा किलो काहीच लागत नाही. विदर्भात किंवा मराठवाड्यात कुणी करंजावर इंजिन चालवायचा प्रस्ताव घेऊन आलं, तर मी त्याला इंजिनाबद्दल शेवटी विचारीन. आधी विचारीन की उन्हाळ्यात तिथे करंज बी कोण विकत घेतं आणि काय भावाने.